आमच्या नात्यातली नाही

म्हैसुरात सत्तर वर्षं काढली, विद्यापीठातल्या कितीतरी प्राध्यापकांचे कोट शिवले, तरी तिथल्या ग्रंथालयाची पायरी नागराजराव पिसे कधी चढले नव्हते. चढायचं कारणच पडलं नव्हतं. यंदा पडलं. शिंपी समाजाच्या विठ्ठल मंदिराला शंभर वर्षं होत होती, मंडळी स्मरणिका काढणार होती आणि तीत जुन्या घराण्यांची माहिती यायची होती. नागराजरावांचे आजोबा सयाजीराव राजवाड्याच्या बँडवाल्यांचे डगले शिवायचे, असं घरात सगळे सांगत. पण कागद एकही नव्हता. कमिटीतलं कुणीतरी म्हणालं, राजवाड्याकडचे जुने कागद ग्रंथालयाच्या विशेष संग्रहात आलेत, एकदा बघून या.

विभाग तिसऱ्या मजल्यावर होता. दारातच पिशवी काढून घेतली, खिशातलं पेन काढून घेतलं आणि हातात एक शिसपेन्सिल दिली. आत एसीचा गारठा आणि ताडपत्रांना लावतात त्या गवती चहाच्या तेलाचा वास. लांब टेबलाशी एक तरुण बाई बसल्या होत्या. नागराजरावांनी कानडीत सुरुवात केली, तर फॉर्मवरचं आडनाव वाचून त्या मराठीतच बोलल्या.

"काका, बसा ना. मी देवश्री. इथे कागदांच्या याद्या करते."

"तुम्ही तिकडच्या काय अम्मा? महाराष्ट्रातल्या?"

"नाशिकची. सहा वर्षं झाली इथे येऊन."

"बरं झालं की. आमची मराठी तुम्हाला कळेल न कळेल, गोत्तिल्ला. अर्धी कानडीच असती ती."

देवश्री हसली. दोन दिवस खपून तिनं त्यांना राजवाड्याच्या कपडेखात्याची बाडं काढून दिली. दुसऱ्या दिवशी दुपारी एका पानावर कानडीत 'सयाजीराव, शिंपी, बँडचे डगले अठरा' अशी ओळ सापडली. नागराजरावांनी ती तीनदा वाचली. बोट लावायची परवानगी नव्हती, म्हणून पेन्सिलीचं मागचं टोक नुसतं हवेत ओळीखालून फिरवलं.

त्यांचा तो आनंद पाहूनच देवश्रीला ते सुचलं. फॉर्मवर दुकानाचा पत्ता होता, 'पिसे टेलर्स, शिवरामपेठ'. हे नाव आपण कुठेतरी वाचलंय, असं तिला दोन दिवस वाटत होतं. वरुणाकडच्या रस्त्यावर एक कुष्ठधाम होतं, ते मोडकळीला आल्यावर त्याचे कागद ग्रंथालयाकडे सोपवले होते. त्यातल्या पत्रव्यवहाराची यादी तिनं मागच्याच महिन्यात केली होती. ती आत गेली आणि एक पातळ फाईल घेऊन आली.

"काका, तुमच्या दुकानाचं जुनं लेटरहेड आमच्याकडे आहे. स्मरणिकेत छापायला छान दिसेल. बघा."

जांभळ्या शाईत छापलेली कात्री, वर विठोबाचं चित्र, खाली दुकानाचं नाव कानडीत आणि मराठीत.

"अय्यो! हे कुठं गावलं तुम्हाला? आमच्या अप्पांनी छापून घेतलेलं हे. घरी एक पान राहिलं नाही." नागराजराव चष्मा पुसून वाकले, आणि वाकलेलेच राहिले.

छापाच्या खाली कानडीत सात-आठ ओळी होत्या. अक्षर त्यांचं स्वतःचं होतं. शाळेत कित्ता गिरवून घोटलेलं, गोल, एकसारखं. तारीख एकोणीसशे पंचाहत्तरच्या ऑगस्टची. ते तेव्हा वीस वर्षांचे होते आणि वडिलांचा, म्हणजे अप्पांचा, हात थरथरायला लागल्यापासून दुकानाची पत्रं तेच लिहीत.

'आपले पत्र पोचले. सोयराबाई नावाची बाई आमच्या नात्यातली नाही. पूर्वी आमच्या दुकानात काजं करायला होती. ती बरी झाली हे वाचून आनंद झाला, परंतु तिला ठेवून घ्यायला आमच्याकडे जागा नाही. पुन्हा या बाबतीत पत्र पाठवू नये.' खाली, 'तिरुमलराव पिसे यांच्याकरिता, नागराज'.

त्यांना आठवलं. अगदी स्वच्छ नाही, पण आठवलं. अप्पा मशीनपाशी बसून सांगत होते आणि ते कापायच्या टेबलावर कागद ठेवून लिहीत होते. कोण ही सोयराबाई, असं विचारल्याचंही आठवलं. काजं करायची, तुझ्या लहानपणी, असं अप्पा म्हणाले होते.

"माझं अक्षर हे," नागराजराव म्हणाले. "अप्पांनी सांगितलं, मी लिहिलं. दुकानात कामाला होती म्हणं कुणी."

देवश्रीला त्यात काही विशेष वाटलं नाही. माहिती पुरवावी म्हणून तिनं यादी पडद्यावर उघडली. "थांबा हं, या बाईंची नोंद असेल. हं. सोयराबाई उर्फ रुक्मिणीबाई, माहेर कृष्णराजनगर, नवरा तिरुमलराव पिसे, धंदा शिं..." ती थांबली. पण पडदा त्यांच्याकडे वळलेला होता आणि पुढची ओळ इंग्रजीत असली तरी तिच्यातलं नाव नागराजरावांना वाचता आलं. मूल एक, मुलगा, नागराज, वय चार.

रुक्मिणी हे त्यांच्या आईचं नाव. आई माहेरी कृष्णराजनगरला तापानं गेली, तिथंच तिचं सगळं केलं, असं त्यांना लहानपणापासून सांगितलं होतं. दर वर्षी ते तिचं श्राद्ध घालत. लग्नाआधी तिचं नाव काय होतं, हे त्यांना कुणी कधी सांगितलं नव्हतं आणि त्यांनीही विचारलं नव्हतं.

"ही कधी गेली?" त्यांनी विचारलं. आवाज इतका मोठा निघाला की टेबलाच्या टोकाला बसलेल्या विद्यार्थ्यानं मान वर केली.

देवश्रीनं उत्तर द्यायच्या आत आतल्या खोलीतून विभागप्रमुख हयग्रीव बाहेर आले. एकदा फाईलीकडे, एकदा पडद्याकडे बघून काय झालं ते त्यांना कळलं. त्यांनी आधी पडदा बंद केला, मग फाईल मिटली.

"हा संग्रह बंद आहे," ते देवश्रीला कानडीत म्हणाले. "रोग्यांच्या नावाचा एकही कागद बाहेर काढायचा नाही, हे तुम्हाला लेखी दिलंय." मग नागराजरावांकडे वळून, जरा मऊ आवाजात, "राव, मृत्यूनंतर पंचाहत्तर वर्षं या फाईली उघडत नाहीत. नियम आहे. त्या घरांतल्या लोकांसाठीच आहे."

"किती साली गेली ती? एवढं तरी सांगा."

हयग्रीव घुटमळले. "अठ्ठ्याऐंशी."

नागराजराव तेव्हा तेहतीस वर्षांचे होते. सुदीप, त्यांचा मुलगा, शाळेत जात होता. वरुणाला ते त्या काळात महिन्यातून दोनदा जात, तिथल्या शाळेचे गणवेश त्यांच्याकडे होते. बस कुष्ठधामाच्या फाटकावरूनच जायची. लोक तेवढ्यापुरत्या खिडक्या लावून घ्यायचे. तेही घ्यायचे.

जवळच्या नातलगाला सवलत होती, पण नातं सिद्ध करावं लागत होतं. नागराजरावांनी घरी जाऊन ट्रंक उपसली. शाळेच्या दाखल्यावर आईचं नाव चंद्रिका होतं. शाळेत घातलं त्याच वर्षी अप्पांनी दुसरं लग्न केलं होतं. आधारकार्ड, पासबुक, कशावरही रुक्मिणी नव्हती आणि सोयराबाई तर नव्हतीच. हयग्रीवांनी सगळे कागद बघितले आणि म्हणाले, "त्या काळचं कुणी हयात असेल तर प्रतिज्ञापत्र चालेल."

हयात एकच माणूस होतं. पंचाऐंशी वर्षांची चंद्रिकाबाई, जिला नागराजराव चौसष्ट वर्षं आई म्हणत आले होते.

संध्याकाळी ती देवापुढे वाती वळत बसली होती. नागराजरावांनी टंकलेला कागद तिच्यापुढे ठेवला आणि वाचून दाखवला. नागराज हा माझ्या पोटचा मुलगा नसून माझ्या पतीची पहिली पत्नी सोयराबाई उर्फ रुक्मिणीबाई हिचा आहे, वगैरे. चंद्रिकाबाईचे हात वातीवरच थांबले.

"कुठं कळलं तुला?"

"तुला ठाऊक होतं म्हणजे."

"लग्नात नव्हतं. मेली म्हणूनच सांगितलेलं आमच्या घरी. नंतर कळलं. तुझे अप्पा महिन्याला कुठं जातात म्हणून मीच एकदा माग काढला. त्यानंतर गेले नाहीत ते."

"आणि पत्र आलं तेव्हा?"

तिनं हातातली वात वळून पुरी केली. मग म्हणाली, "रडले होते रे त्या दिवशी. म्हणाले, बरी झाली म्हणतात, आणू या का? मी म्हटलं, आणा. मी माझ्या दोन पोरींना घेऊन कावेरीत जाते. थोरली तेरा वर्षांची झालेली, उद्या तिला बघायला कोण आलं असतं? ती दारात येऊन उभी राहिली असती तर मी कोण झाले असते या घरात? ठेवलेली?"

"मला सांगायचं होतं, आई. मी वीस वर्षांचा होतो."

"तू गेला असतास तिच्याकडं."

"गेलोच असतो."

"म्हणूनच नाही सांगितलं." चंद्रिकाबाईनं वात खाली ठेवली. "ओरडायचं असलं तर ओरड. खोटं आता नाही बोलत. पण तू सांग, मी तुला कमी केलं काही? माझ्या पोरींच्या ताटात तूप आणि तुझ्या ताटात नाही, असं एक दिवस झालं?"

झालं नव्हतं. नागराजरावांना ओरडायचं होतं, पण या प्रश्नाला खरं उत्तर एकच होतं.

"नाही," ते म्हणाले.

तिनं पेन मागितलं. सही करायला तिला खूप वेळ लागला. नागराजरावांनी कागद धरून ठेवला. सही झाल्यावर ती उठून आत गेली आणि त्या रात्री जेवली नाही. तेही जेवले नाहीत. सुदीपनं दोघांना विचारलं, दोघांनीही पोट ठीक नाही म्हणून सांगितलं.

तीन आठवड्यांनी परवानगी आली. हयग्रीवांनी वाचनकक्षाच्या मागची छोटी खोली उघडून दिली. फाईल इंग्रजीत होती, कुष्ठधामाच्या डॉक्टरीणबाईंच्या हातची. देवश्री एकेक कागद वाचून मराठीत सांगायला बसली.

एकोणसाठ सालच्या मार्चमध्ये नवऱ्यानं घोड्याच्या जटक्यातून आणून सोडलं. वय चोवीस. पाठीवर दोन चट्टे, डाव्या करंगळीला बधिरपणा. पौर्णिमेला येईन असं नवरा सांगून गेला. पहिली दोन वर्षं महिन्याला एकदा नवरा भेटीला, फाटकाबाहेर उभा राहून. मग भेटींचा रकाना कोरा. रोगी शिवणखोलीत काम करते, हात चांगला आहे. रोगी मुलाबद्दल विचारते. रोगी मुलाबद्दल विचारते. हीच ओळ वेगवेगळ्या तारखांना इतक्यांदा आली की देवश्री ती वाचेनाशी झाली.

"वाचा अम्मा," नागराजराव म्हणाले. "गाळू नका."

अडुसष्ट साली बोटं वाकली, शिवणखोली बंद. त्र्याहत्तर साली तपासण्यांत जंतू नाहीत. चौऱ्याहत्तर साली पुन्हा नाहीत. रोगमुक्त, घरी पाठवण्यास योग्य. घरी पत्र लिहिलं. पुन्हा लिहिलं. मग पंचाहत्तरच्या ऑगस्टची लांब नोंद होती. देवश्रीनं ती आधी मनात वाचली आणि पाणी प्यायला उठली. परत आली तेव्हा तिचे डोळे लाल होते.

"काका, हे आज नको."

"आजच."

"डॉक्टरीणबाई लिहितात, घरून उत्तर आलं. मी तिला एवढंच सांगितलं की घरात जागा नाही. तिनं विचारलं, पत्र कुणी लिहिलंय. खाली नागराज अशी सही होती, मी तसं सांगितलं. हा तिचा मुलगा, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं नाही. तिनं पत्र मागितलं. ते कार्यालयाचं, देता येत नाही, पण मी थोडा वेळ तिच्या हातात दिलं. तिला कानडी वाचता येत नाही. तिनं कागद उलटा-सुलटा करून पाहिला आणि विचारलं, अक्षर चांगलं आहे का. मी म्हटलं, फार सुंदर आहे."

देवश्री थांबली. नागराजराव टेबलावर तळवे पालथे ठेवून बसले होते.

"पुढं?"

"दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी कार्यालयात आली आणि नातेवाइकांची नावं खोडायला सांगितली. मी समजावलं, ऐकत नाही. तिच्या इच्छेवरून खोडत आहे."

तिनं पहिलं पान उलटून दाखवलं. नवरा तिरुमलराव, मुलगा नागराज, या दोन्ही ओळींवरून एक सरळ रेघ मारलेली होती. शेजारी डॉक्टरीणबाईंची आद्याक्षरं आणि तारीख. त्यानंतर तेरा वर्षं मुलाबद्दल विचारल्याची एकही नोंद नव्हती. अठ्ठ्याऐंशीच्या जूनमध्ये न्यूमोनिया. नातलग नाहीत. आवारातच पुरलं.

देवश्रीनं विचारलं, "काका, पाणी देऊ?" त्यांनी मान हलवली. हो की नाही ते तिला कळलं नाही.

जरा वेळानं ते म्हणाले, "ते माझं पत्र मला द्याल काय?"

"नाही देता येणार, काका."

"फाडत नाही मी. जवळ ठेवतो."

"मला माहीत आहे. तरी नाही देता येणार." मग तिला राहवेना म्हणून ती म्हणाली, "एक करता येईल. मूळ कागदावर काही लिहिता येत नाही, पण यादीत टीप घालता येते. या बाईंचे पुत्र नागराज पिसे यांनी अमुक साली फाईल पाहिली. म्हणजे पुढे कुणी उघडली तर त्याला दिसेल की कुणीतरी आलं होतं."

"घाला," नागराजराव लगेच म्हणाले. "नक्की घाला."

पुढच्या रविवारी ते वरुणाच्या बसनं निघाले. घरात फक्त चंद्रिकाबाईला सांगितलं.

कुष्ठधामाच्या फाटकाला आता दार नव्हतं. इमारतींचे पत्रे गेले होते. मागच्या जमिनीत ऊस उभा होता. एका कडेला चार खोल्यांची चाळ तेवढी शाबूत होती आणि तिच्या ओट्यावर एक म्हातारा उन्हात बसला होता. दोन्ही हातांना बोटं नव्हती. मनगटात पट्ट्यानं चमचा अडकवून तो भात खात होता. नागराजराव त्याचं जेवण होईपर्यंत बाजूला थांबले. नाव हरिहर, राहिलेल्या तिघांतला एक. बोलणं कानडीत झालं.

"सोयराबाई? हो तर. या भिंतीपलीकडची खोली तिची. मराठी बाई. सकाळी अभंग म्हणायची, आम्हाला कळायचे नाहीत, पण आवाज गोड होता. तुम्ही कोण तिचे?"

"मुलगा."

हरिहरानं त्यांच्याकडे नीट बघितलं, इस्त्रीच्या शर्टाकडे, चपलांकडे. "नाही हो. तिला मूलबाळ नव्हतं."

"होतं. मी आहे ना."

"चुकताय तुम्ही. बारा-तेरा वर्षं मी तिच्या शेजारी होतो. आम्ही सगळे आपापल्या पोरांचं बोलायचो, कुणाचा केवढा झाला असेल, कुणाचं लग्न झालं असेल. दुसरं होतं काय बोलायला? ती म्हणायची, तुम्ही बसा वाट बघत, मला देवानं दिलंच नाही, सुटले. माझ्या मुलाला पत्र लिहून घ्यायला मी डॉक्टरीणबाईकडं जायचो, तर मला हसायची."

नागराजरावांच्या खिशात प्रतिज्ञापत्राची प्रत होती. त्यांनी ती काढली, उघडली आणि म्हाताऱ्यापुढे धरली. हरिहर म्हणाला, "मला वाचता येत नाही." त्यांनी ती परत घडी केली.

"पुरलं कुठं तिला?"

"चला, दाखवतो." तो कुबडीवर उठला. उसाच्या बांधालगत जमीन जरा उंचसखल होती. गवत माजलं होतं. खुणेचे दगड नव्हते. "या अंगाला बायका. त्यातली कुठली, ते आता कसं सांगू? बैल घातले होते मध्ये एकदा शेतवाल्यानं, नंतर आम्ही ओरडल्यावर सोडली एवढी जागा."

नागराजराव चपला काढून त्या गवतात उभे राहिले. नमस्कार कुठल्या दिशेला करायचा ते कळेना. शेवटी जिथे उभे होते तिथेच खाली बसले आणि कपाळ जमिनीला टेकवलं. हरिहर मागे थांबून राहिला. उठायला त्यांना जड गेलं तेव्हा त्यानं आपला बिनबोटांचा हात पुढे केला, आणि मग काही आठवल्यासारखा मागे घेऊ लागला. नागराजरावांनी तो धरला आणि उठले.

"दुसरी कुणी सोयराबाई असेल तुमची," हरिहर समजुतीच्या सुरात म्हणाला. "नावं सारखी असतात."

नागराजरावांनी चपला पायात घातल्या.

थांब्यावर बस यायला अजून वेळ होता. दूध डेरीला घालून मोटरसायकली परतत होत्या, रिकामे कॅन वाजत होते. त्यांनी देवश्रीला फोन लावला.

"अम्मा, ती टीप घातली काय?"

"उद्या घालते, काका. मजकूर तयार आहे. वाचून दाखवू?"

"नको. घालूच नका."

"का हो? काय झालं?"

"तिनं नाव काढून टाकलंय नव्हं माझं. राहू दे तसंच."

पलीकडे देवश्री काहीतरी म्हणत होती. हयग्रीव सरांनीही टिपेला होकार दिलाय, विचार करून सांगा, घाई नाही. नागराजरावांनी सरी, सरी म्हणत फोन ठेवला. बस आली. त्यांना खिडकीची जागा मिळाली. सुटल्यावर बस फाटकावरून गेली, आणि पुढच्या सीटवरच्या बाईनं सवयीनं काच सरकवून घेतली.